एक्स्टेंडेड वॉरंटी घ्यावी का? शनिवारी शोरूमला सांगायचंय

सातारा_कराड_रोज

नमस्कार मंडळी. घरातली पहिली गाडी बुक केलीय, पेट्रोल एएमटी (ऑटोमॅटिक गिअरची), साडेनऊ लाखाच्या आसपास ऑनरोड. गाडीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर ही कशाला घेतली ती घ्यायला हवी होती यावरच सगळं जातं आणि ते आता ठरून गेलंय. प्रश्न फक्त वॉरंटीचा.

कंपनीची वॉरंटी ३ वर्षं किंवा १ लाख किमी, जे आधी होईल ते. ती ५ वर्षं / १ लाख ४० हजार किमी करायची तर १४,८०० आणि ६ वर्षं / १ लाख ६० हजार करायची तर २३,६००, दोन्ही जीएसटी धरून. सेल्सच्या मुलाने मला न विचारताच कोटेशनमध्ये ६ वर्षांची टाकलीय. म्हणतो साहेब सगळे हीच घेतात, लोनमध्ये बसवून देतो, हप्त्यात कळणार पण नाही. लोन ७ वर्षांचं आहे, ९ टक्क्यांनी.

वापर सांगतो. बायको कराडला शाळेत शिकवते, रोजचं जाऊन येऊन १०५ किमी धरा. आजवर एसटीनेच जायची, पण हायवेचं सहापदरीकरण सुरू झाल्यापासून गाड्यांचा काही भरवसा राहिला नाही, मागच्या पावसाळ्यात उंब्रजला दीड तास भिजत उभी होती तेव्हाच मी ठरवलं की आता बास. शिवाय दोन महिन्यांतून एकदा कुंभार्ली घाटाने चिपळूणला तिच्या माहेरी जाणं होतं. सगळं मिळून वर्षाला २८-२९ हजार किमी सहज होतील.

खरं सांगायचं तर पैशापेक्षा जास्त काळजी याची आहे की संध्याकाळी नागठाण्याच्या आसपास गाडी बंद पडली तर ती एकटी असणार. म्हणून वाटतं घेऊन टाकावी. पण घरात सासरे म्हणतात नव्या गाडीला कशाला हवीय असली वॉरंटी, आणि मेहुणा म्हणतो डोळे झाकून घ्या. तुमचे अनुभव सांगा प्लीज.

वाकडकर_८७

दादा घ्याच. माझी ड्युअल क्लच ऑटोमॅटिक आहे, पुण्यातलं ट्रॅफिक, रोज वाकड ते खराडी. चार वर्षं सात महिने झाले आणि एक दिवस चांदणी चौकाच्या पुढे चढावर गाडीने पहिला गिअर घेणंच सोडलं, मागे बस, हॉर्नवर हॉर्न, घाम फुटला अक्षरशः. टो करून नेली तर गिअरबॉक्सचं मेकॅट्रॉनिक युनिट, म्हणजे गिअर बदलणारं कंट्रोल युनिट, गेलेलं. एस्टिमेट १ लाख ३८ हजार. एक्स्टेंडेड वॉरंटी होती म्हणून पार्ट आणि लेबर दोन्ही फुकट, फक्त ऑईल वगैरेचे चार-साडेचार हजार भरले. वॉरंटीला मी तेव्हा २६ हजार दिले होते आणि ते देताना जिवावर आलं होतं. ऑटोमॅटिक असेल तर विचार करू नका.

मांडवीकर_ताई

माझा अनुभव याच्या उलट आहे. आम्ही रत्नागिरीत राहतो, गाडी वर्षाला सहा हजार किमीच्या वर जात नाही, साधी मॅन्युअल. वॉरंटी घेतली नाही. आता गाडीला सातवं वर्ष आहे. आजवरचा खर्च म्हणजे एकदा बॅटरी, एकदा चार टायर, ब्रेक पॅड, वायपर, आणि दोन वर्षांपूर्वी उंदरांनी वायरिंग कुरतडलं त्याचे ११ हजार. यातलं एकही वॉरंटीत बसलं नसतं, उंदराचं तर नाहीच, ते बाहेरून झालेलं नुकसान धरतात.

तेव्हा जे पैसे वाचले ते मी पोस्टात आरडीला टाकत गेले गाडीच्या नावाने. त्यातूनच टायर आले. पण दादा, तुमचं रोजचं १०५ किमी आहे, माझ्या गाडीवरून तुम्ही ठरवू नका.

गॅरेजवाला_सांगली

गेली १९ वर्षं गॅरेज चालवतोय, त्याआधी एका कंपनीच्या वर्कशॉपला होतो, दोन्ही बाजू बघितल्यात म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पहिलं म्हणजे वाकडकर दादांचा गिअरबॉक्स वेगळा आणि तुमचा वेगळा. एएमटी म्हणजे साधा मॅन्युअल गिअरबॉक्सच असतो बघा, फक्त क्लच दाबायचं आणि गिअर टाकायचं काम तुमच्या पायाहाताऐवजी ॲक्च्युएटर करतो आणि त्याला हुकूम देणारा एक छोटा कॉम्प्युटर असतो. त्यामुळे तिथं लाख-सव्वा लाखाची भानगड सहसा होत नाही. पण ॲक्च्युएटर गेला, त्याचा पंप गेला, नाहीतर तो कंट्रोल युनिट गेला तर खर्च मोठाच आहे, आणि बाहेर आम्ही त्याला फारसं काही करू शकत नाही कारण बदलल्यावर कंपनीच्या स्कॅनरवर गिअर लर्निंग करावं लागतं. म्हणजे वॉरंटी नसली तरी तुम्हाला त्यांच्याच दारात जायचंय.

आता एएमटीत सगळ्यात जास्त काय जातं तर क्लच प्लेट. आणि ती वॉरंटीत नसते. झिजणारी वस्तू म्हणून सरळ बाहेर काढतात. लोक हेच न बघता घेतात आणि ६० हजार किमीला क्लच आला की भांडायला जातात. वहिनींना एक सांगून ठेवा, घाटात गाडी थांबली की ॲक्सिलरेटरवर धरून ठेवायची नाही, हँडब्रेक ओढायचा. आणि कामामुळे लाईन लागते तिथं इंच इंच सरकवत न्यायची नाही, पुढे दोन गाड्यांची जागा होऊ द्यायची मग सोडायची. एवढं केलं तरी क्लच कितीतरी जास्त चालतो.

वॉरंटीत जे खरंच महाग असतं ते सांगतो. इलेक्ट्रिक पॉवर स्टिअरिंगची मोटर किंवा पूर्ण कॉलम, एसीचा कॉम्प्रेसर, ईसीएम म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, अल्टरनेटर, फ्युएल पंप, इंजिनच्या आतलं काम. हल्लीच्या गाडीत इंजिनपेक्षा इलेक्ट्रिकल जास्त जातं हा माझा अनुभव आहे, आणि त्यात रिपेअर नसतं, अख्खं युनिटच बदलायचं. पूर्वी आम्ही अल्टरनेटर खोलून कार्बन टाकून देत होतो, आता गिऱ्हाईक म्हणतं नवीन किती आणि नवीनचा आकडा ऐकून गप्प बसतं.

आणि कृपा करून वॉरंटी आणि इन्शुरन्स एकत्र कालवू नका. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आमच्याकडे कृष्णेचं पाणी गावात शिरलं तेव्हा पार्किंगमधल्या गाड्या बुडाल्या. माणसं वॉरंटीची बुकं घेऊन आली होती माझ्याकडे, काही तर रडत होती. पाणी शिरून इंजिन गेलं तर वॉरंटी एक रुपया देत नाही, आणि पाण्यात सेल मारून इंजिन लॉक केलं तर साधा इन्शुरन्सही बहुतेक वेळा हात वर करतो, त्याला इंजिन प्रोटेक्शनचं वेगळं ॲड-ऑन लागतं. बंपर टू बंपर म्हणतात ते झिरो डेप्रिसिएशन, म्हणजे क्लेममध्ये पार्टची घसारा न कापता किंमत मिळते ते, त्याचा याच्याशी संबंध नाही. पैसे कमी पडत असतील तर नदीकाठच्या माणसाने आधी ते ॲड-ऑन घ्यावं.

सातारा_कराड_रोज

काका खूप आभार, क्लचचं मला अजिबात माहीत नव्हतं, सेल्सवाल्याने "गाडीचं सगळं कव्हर आहे" एवढंच सांगितलं होतं. अजून एक विचारायचं राहिलं. रोजचं पेट्रोल बघता वर्षभराने बाहेरून सीएनजी किट बसवायचा विचार आहे. त्याने काही फरक पडतो का?

गॅरेजवाला_सांगली

सगळाच फरक पडतो. बाहेरून किट बसवलं की इंजिन, फ्युएल सिस्टिम, ईसीएम, वायरिंग यावरचा क्लेम गेलाच म्हणून समजा, वॉरंटी पहिल्या ३ वर्षांतली असो की वाढवलेली. किट बसवायचं नक्की असेल तर वॉरंटीला एक रुपया घालू नका. वॉरंटी घेणार असाल तर किट विसरा. दोन्ही नाही जमत.

तसंच कंपनीच्या वायरला कट मारून हॉर्न, लाईट, मोठा स्क्रीन, काही बसवू नका. वायर न कापता कंपनीच्या कपलरला (प्लगला) जोडता येणारं असेल तरच.

कागद_वाचा_आधी

मी नाशिकचा. सगळे वॉरंटी घ्या की नको यावर बोलतायत पण कुणाची वॉरंटी हे कुणी विचारत नाहीये, आणि मी तिथेच फसलोय.

मी गाडी घेतली तेव्हा डीलरने एक्स्टेंडेड वॉरंटी म्हणून १७ हजार घेतले. शोरूम कंपनीचं, बिलावर कंपनीचा लोगो, मला वाटलं वॉरंटी पण कंपनीचीच. चौथ्या वर्षी स्टिअरिंग जड झालं, एका बाजूला वळवलं की कटकट आवाज. वर्कशॉपमध्ये म्हणाले सर ही आमची वॉरंटी नाही, डीलरने बाहेरच्या एका एजन्सीची विकलीय, आधी त्यांची मंजुरी लागेल. मंजुरीला नऊ दिवस, त्यांचा सर्व्हेअर आला, फोटो काढले, मग सांगितलं की दर क्लेमला २५ हजाराची मर्यादा आहे आणि रबर बूट फाटून आत धूळ गेलीय म्हणजे मेंटेनन्सची चूक, सबब क्लेम नामंजूर. ४१ हजार खिशातून गेले. गाडी अठरा दिवस उभी, आईची डायलिसिसची फेरी आठवड्यातून दोनदा, ते सगळं रिक्षाने केलं. ते दिवस आठवले की अजून त्रास होतो.

मग १९१५ ला फोन केला, ती राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईन आहे, तिथून तक्रार नोंदवली तरी काही हललं नाही म्हणून जिल्हा ग्राहक आयोगात गेलो. आपण वस्तू-सेवेसाठी मोजलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही, आणि नव्या कायद्याने आपण राहतो तिथल्या जिल्ह्यात तक्रार करता येते. घटना घडल्यापासून दोन वर्षांच्या आत करायची. तारखा चालू आहेत.

तुम्ही काय करा, वॉरंटीचा नमुना कागद आधीच मागा. देणारा कोण आहे, गाडीची कंपनी की तिसराच कुणी, हे नाव वाचा. दर क्लेमला मर्यादा आहे का. भारतात कुठल्याही अधिकृत वर्कशॉपमध्ये चालते की फक्त त्याच डीलरकडे. काय काय कव्हर नाही त्याची यादी. हे देत नसतील तर पैसे देऊ नका. मी सही केली तेव्हा हातात पेढे आणि गळ्यात हार होता, वाचणार काय.

जमाखर्च_सोलापूर

कराडवाले दादा, तुमच्या आकड्यांवरून हिशेब केला, कारण वर्षं बघून घेताय पण तुमच्या बाबतीत किलोमीटरच आधी संपणार आहेत.

वर्षाला २९ हजार धरले तर ३ वर्षांत ८७ हजार. म्हणजे मूळ वॉरंटी तुम्हाला पूर्ण तीन वर्षं मिळेल, लाखाच्या आत. ५ वर्षांच्या प्लॅनला १ लाख ४० हजार तुम्ही ४ वर्षं १० महिन्यांतच गाठाल. म्हणजे जवळपास पूर्ण वापर झाला, दोन महिने इकडे तिकडे. ६ वर्षांच्या प्लॅनचे १ लाख ६० हजार मात्र साडेपाच वर्षांतच संपतात, सहाव्या वर्षाचा अर्धा भाग तुम्हाला मिळतच नाही.

आता पैसे. पाच वर्षांच्या प्लॅनमध्ये ८७ हजार ते १ लाख ४० हजार, म्हणजे ५३ हजार किमीला १४,८००, किलोमीटरला २८ पैसे. वरचे ८,८०० देऊन जे मिळतं ते फक्त पुढचे २० हजार किमी, म्हणजे ४४ पैसे. तेवढ्या वयाची गाडी जास्त बिघडते म्हणून महाग असणार हे मान्य आहे, पण तुमच्यासाठी तो भाव बरा नाही असं माझं मत.

आणि लोनमध्ये टाकायला सरळ नाही म्हणा. २३,६०० वर ७ वर्षं ९ टक्क्यांनी महिन्याला ३८० रुपये वाढतात, खरंच कळत नाही, पण ८४ हप्ते भरून होतात ३१,९०० च्या आसपास. व्याजाचेच ८,३०० गेले. आणि वॉरंटी साडेपाच वर्षांत संपली तरी पुढचं दीड वर्ष तुम्ही तिचा हप्ता भरताय! रोख द्या नाहीतर सध्या घेऊच नका.

घेऊच नका म्हणतोय कारण बहुतेक कंपन्या मूळ वॉरंटी संपायच्या आत कधीही घेऊ देतात. उशीर कराल तसा दर चढतो हे खरं, पण किती चढतो ते लेखी विचारा. पहिल्या काही महिन्यांत तोच दर राहत असेल तर डिलिव्हरीच्या दिवशी घाई कशाला, आधी दोन-तीन हजार किमी गाडी वापरून तर बघा.

माजी_सर्व्हिस_ॲडव्हायझर

सहा वर्षं कोल्हापुरात एका वर्कशॉपला ॲडव्हायझर होतो. क्लेम कशावरून अडकतात ते सांगतो, कारण वॉरंटी घेऊनही मिळाली नाही अशी माणसं मी रोज बघितली आणि त्यातल्या निम्म्यांना नाही म्हणताना मला स्वतःला वाईट वाटायचं.

सर्व्हिस चुकली हे पहिलं कारण. दहा हजार किमी किंवा एक वर्ष, जे आधी. तुमची गाडी चार-सव्वाचार महिन्यांतच दहा हजार करणार म्हणजे वर्षाला तीन सर्व्हिस, आणि लोक इथेच गडबडतात, वर्षातून एकदा आणतात ती २७ हजारावर. मग इंजिनचा क्लेम आला की कंपनी पहिल्यांदा सर्व्हिस हिस्टरी उघडते. मध्ये एक जरी बाहेर केलेली असेल आणि बिल नसेल तर आम्ही काही करू शकत नव्हतो. हा वर्षाला तीन सर्व्हिसचा अधिकृत वर्कशॉपचा खर्च पण वॉरंटीच्या किमतीत धरा, तो कुणी धरत नाही.

दुसरं, तक्रार तोंडी सांगणं. "जरा आवाज येतोय बघा" म्हणून निघून जायचं नाही, ते जॉब कार्डवर, म्हणजे गाडी आत घेताना वर्कशॉप भरतं त्या कागदावर, तुमच्या शब्दांत लिहून घ्यायचं. वॉरंटी संपायच्या आधी एकदा जरी ती तक्रार कार्डवर आलेली असेल तर नंतर तुमची बाजू फार भक्कम होते. वॉरंटी संपायच्या महिनाभर आधी मुद्दाम गाडी दाखवायची, थंड इंजिनवर सुरू करायला लावायची, एसी, स्टिअरिंग, सस्पेन्शन सगळं तपासून लिहून घ्यायचं. माझे जे गिऱ्हाईक हे करायचे त्यांचे पार्ट शेवटच्या आठवड्यातही बदलून गेलेत.

तिसरं, लाईट लागली तरी गाडी चालवत राहणं. टेंपरेचरची लाल लाईट लागल्यावर "दोनच किलोमीटर राहिलेत" म्हणून चालवली की इंजिनचं हेड गेलं, आणि ते वॉरंटीत नाही. ते नोंदलं जातं गाडीत. वहिनींना हे नक्की सांगा, लाल लाईट म्हणजे कडेला घ्यायची आणि बंद करायची.

आणि तुम्ही जे सुरुवातीला लिहिलंय, रस्त्यात एकटी असेल, त्याचं उत्तर वॉरंटी नाहीये दादा. वॉरंटी दुसऱ्या दिवशी वर्कशॉपमध्ये कामाला येते. त्या संध्याकाळी कामाला येते ती रोडसाइड असिस्टन्स. ती बऱ्याच कंपन्या सुरुवातीच्या काळात गाडीसोबतच देतात, पुढे दरवर्षी थोडे पैसे भरून रिन्यू करायची, आणि इन्शुरन्सच्या ॲड-ऑनमध्येही मिळते. किती किलोमीटरपर्यंत टोइंग फुकट ते बघा, सातारा आणि कराड दोन्हीकडची वर्कशॉप त्यात बसली पाहिजेत. नंबर वहिनींच्या फोनमध्ये सेव्ह करून एकदा लावून बघा.

मांडवीकर_ताई

रोडसाइडचं अगदी बरोबर. आणि एक, रिफ्लेक्टरचा त्रिकोण आणि चांगली टॉर्च डिकीत नाही तर पुढच्या सीटखाली ठेवायला सांगा, पावसात डिकी उघडून सामानाखालून शोधणं होत नाही. मी आंबा घाटात हे अनुभवलंय, धुकं इतकं होतं की स्वतःचीच गाडी दहा पावलांवरून दिसत नव्हती.

वाकडकर_८७

गॅरेजवाले काका, माझ्या आणि त्यांच्या गिअरबॉक्समधला फरक मला एवढा माहीत नव्हता, मी घाईत घ्याच म्हणून लिहून टाकलं. तरी पाच वर्षांची घ्यावी याच मताचा आहे मी. रोज शंभर किमी म्हणजे एसी रोज दोन-अडीच तास चालणार, एक कॉम्प्रेसर गेला तरी पैसे वसूल.

सातारा_कराड_रोज

सगळ्यांचे मनापासून आभार. काल शोरूमला जाऊन आलो, काय झालं ते लिहितो म्हणजे पुढे कुणाला उपयोग होईल.

नमुना कागद मागितला तर आधी "तो डिलिव्हरीनंतर मिळतो" म्हणाले. मी म्हटलं मग पैसे पण डिलिव्हरीनंतरच. अर्ध्या तासाने मॅनेजरने मेल केला. तिथेच बसून बायकोने आणि मी ओळ न् ओळ वाचला. वॉरंटी गाडीच्या कंपनीचीच आहे, देशभर अधिकृत वर्कशॉपमध्ये चालते, क्लेमला वेगळी मर्यादा नाही. एएमटीचा ॲक्च्युएटर आणि कंट्रोल युनिट नावानिशी कव्हर आहे. क्लच प्लेट नाही, काका म्हणाले तसंच. म्युझिक सिस्टिमचा स्क्रीन पण तीन वर्षांनंतर नाही, हे सेल्सच्या मुलालाही माहीत नव्हतं, त्याला दाखवलं तर तो पण खाली वाकून वाचायला लागला. गाडी विकली तर राहिलेली वॉरंटी पुढच्या मालकाला जाते, त्याला साधा अर्ज आहे.

दर विचारला. पहिले ९० दिवस हाच, मग वर्ष पूर्ण होईपर्यंत दोन हजारांनी जास्त, पुढे अजून. लेखी दिलंय.

सीएनजीचा विचार सोडला. पेट्रोलचा खर्च जड जाईल, पण बायको म्हणाली तिच्या शाळेतल्या दोन बाई साताऱ्याहूनच येतात, त्या पेट्रोलमध्ये वाटा द्यायला तयार आहेत. त्यामुळे ती एकटी असण्याचा प्रश्नही बराचसा सुटला, हे माझ्या आधी डोक्यातच आलं नव्हतं.

६ वर्षांची कोटेशनमधून काढायला लावली. ५ वर्षांची घेतोय, पण ९० दिवसांच्या आत, लोनच्या बाहेर, रोख. सासऱ्यांना सोलापूरच्या दादांचा हिशेब कागदावर मांडून दाखवला, ते म्हणाले मग ठीक आहे. इन्शुरन्सला इंजिन प्रोटेक्शन आणि रोडसाइड दोन्ही जोडून घेतलं, टोइंग ५० किमीपर्यंत आहे, त्यात दोन्ही गावं बसतात.

डिलिव्हरी गुरुवारी आहे. माजी ॲडव्हायझर दादा, एकच विचारायचंय, वर्षाला तीन सर्व्हिस होणार म्हटल्यावर त्या सातारा आणि कराड अशा दोन वेगळ्या डीलरकडे केल्या तर चालतात ना? बायकोला शाळा सुटेपर्यंत कराडला गाडी देऊन ठेवणं सोपं जाईल.

माजी_सर्व्हिस_ॲडव्हायझर

चालतात. दोन्ही अधिकृत असले की झालं, हिस्टरी चासिस नंबरवर एकाच ठिकाणी दिसते. तरी प्रत्येक वेळी इनव्हॉइस मागून घ्या आणि त्यावरचं किलोमीटर रीडिंग तिथेच उभं राहून तपासा, घाईत चुकीचं टाकतात आणि मग दोन वर्षांनी ते निस्तरणं फार अवघड जातं. गाडीसाठी शुभेच्छा, वहिनींना पण.